मन भरकटल्याचे भान लवकर यावे यासाठी काय करावे

पान उलटण्यासाठी बोट पुढे जाते आणि नेमके तेव्हाच लक्षात येते की संपलेल्या पानावरचे आपल्याला काहीच आठवत नाही. डोळे ओळीमागून ओळ सरकत राहिले, पहिल्या परिच्छेदातला एखादा शब्द अजून डोक्यात आहे, पण त्यानंतर मन परवाच्या कुठल्याशा बोलण्यात जाऊन बसले होते आणि ते केव्हा तिकडे गेले याचा पत्ताही लागला नाही. हा अनुभव कोणालाच नवा नाही. मात्र ज्यांना तो दिवसातून अनेकदा येतो, ज्यांची कामे त्यामुळे अर्धवट राहतात, आणि ज्यांनी लहानपणापासून स्वतःबद्दल ‘वेंधळा’, ‘धरसोड वृत्तीची’, ‘आरंभशूर’ असे शब्द ऐकत आपले वय वाढवले आहे, त्या प्रौढांसाठी हे लिहीत आहे. अशांपैकी काहींना एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारा विकार, असेल, काहींमध्ये त्याच्या एकदोन छटा असतील, काहींना यातले काहीही नसून फक्त झोप पुरत नसेल. सुरुवातीचे काम तिघांसाठीही एकच आहे.

मन भरकटूच नये, असे उद्दिष्ट ठेवणाऱ्याची निराशा ठरलेली असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी मोबाइलवरून विचारले गेले की तुम्ही आत्ता काय करत आहात आणि तुमचे मन त्याच कामात आहे का, ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे असल्याचे उत्तर आले. म्हणजे सर्वसाधारण माणसांचेही मन जागेपणीचा जवळपास अर्धा वेळ हातातल्या कामात नसते. मेंदूचे काही भाग बाहेरचे काम थांबल्यावर अधिक सक्रिय होतात, हे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले, आणि मन भटकत असताना याच भागांचे जाळे कामात असते, असे पुढच्या संशोधनात वारंवार दिसून आले आहे. एडीएचडी असलेल्यांमध्ये कामाला बसल्यावर हे जाळे जितके शांत व्हायला हवे तितके होत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

तेव्हा भरकटणे आणि ते लक्षात येणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यावर काम करावे. मन निघून गेले आणि तीन सेकंदांत कळले, तर फार काही बिघडत नाही. तीच गोष्ट वीस मिनिटांनी कळली, तर बैठक संपलेली असते, उतरण्याचे स्थानक मागे पडलेले असते आणि समोरच्या माणसाला आपण ‘हो’ म्हटलेले असते ते कशाला, हे आठवत नाही. अवधानाची अडचण असलेल्या प्रौढांच्या अभ्यासांतही हेच पुढे आले आहे की त्यांचे नुकसान मुख्यतः नकळत, अजाणता भरकटण्यामुळे होते. मुद्दाम, ठरवून मन मोकळे सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना मन हवे तिकडे जाऊ द्यावे. त्यातून अडलेला प्रश्न सुटतो, पुढचे बेत आखले जातात. त्याला आवर घालण्याची गरज नाही.

आधी एक आठवडा नुसती नोंद

उपाय करण्याची घाई टाळून पहिले सात दिवस फक्त नोंदीसाठी द्यावेत. मोबाइलमध्ये दिवसातून आठ-दहा वेळा वाजेल अशी घंटा लावावी, पण ती ठरावीक अंतराने असू नये. दर तासाला वाजणारी घंटा दोन दिवसांत सवयीची होते, ती वाजण्यापूर्वीच आपण सावध होतो आणि नोंद खोटी ठरते. अनियमित वेळी सूचना देणारे अ‍ॅप मिळते. ते नको असेल तर सकाळीच दहा वेड्यावाकड्या वेळांच्या घंटा लावाव्यात, जसे की १०:०७, १०:५२, ११:१५, आणि मग त्या विसरून जावे. सूचना आली की छोट्या वहीत एका ओळीत चार गोष्टी लिहाव्यात: हातात काम कोणते होते, मन कुठे होते, आपणहून तिकडे गेलो होतो की नकळत, आणि घंटा वाजण्यापूर्वी ते आपल्याला कळले होते का. सगळे मिळून पंधरा सेकंदांच्या वर वेळ लागू नये. सुंदर अक्षराची आणि रंगीत रकान्यांची वही करण्यात रमून तिसऱ्या दिवशी ती सोडून देणे, हा धोका आपल्यासारख्यांना फार असतो, म्हणून वही जितकी साधी तितकी बरी.

माझ्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळच्या ओळी इथे देतो. ‘१०:०७, अहवाल वाचन, मन बहिणीला काय उत्तर द्यावे यात, नकळत, कळले नव्हते.’ ‘१०:५२, अहवाल वाचन, पुन्हा तेच, नकळत, कळले नव्हते.’ ‘११:१५, हिशेबाचा तक्ता भरणे, मन कामात.’ ‘१२:२०, बैठक, पुढे मी काय बोलावे याची जुळवाजुळव, अर्धे मुद्दाम, कळले होते.’ या चार ओळींनी मला त्या दिवशी जे दाखवले ते मी स्वतःबद्दल धरून बसलेल्या समजुतीपेक्षा निराळे होते. माझे लक्ष कशातच लागत नाही, असे मी मानत होतो. तक्ता भरताना ते लागले होते. ते सुटत होते ते वाचताना, आणि दोन्ही वेळा एकाच अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीकडे.

आठवड्याच्या शेवटी वही घेऊन शांतपणे बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. मन विशिष्ट वेळी अधिक सुटते का, म्हणजे जेवणानंतर, दुपारी चारच्या सुमारास, किंवा रात्री झोप कमी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी? ते विशिष्ट प्रकारच्या कामात सुटते का? आणि ते जाते कुठे: काळजीत, बेतांत, कल्पनेत, जुन्या संभाषणांत, की कुठेच नाही, नुसतीच गुंगी? गुंगी म्हणून लिहिलेल्या ओळी जास्त असतील तर पुढचे काही वाचण्यापूर्वी झोपेकडे पाहावे. झोपेच्या थकव्याला अवधानाचा दोष समजून वर्षानुवर्षे स्वतःला बोल लावणारी माणसे कमी नाहीत.

जिथून मन सुटते तिथे उपाय

मन वारंवार अपूर्ण गोष्टीकडे जात असेल, तर उपाय कागदावर आहे. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की अपुऱ्या राहिलेल्या कामाचे विचार दुसऱ्या कामात घुसत राहतात, पण त्या कामासाठी ठोस बेत आखला की, ते काम प्रत्यक्षात न करताही, ती घुसखोरी कमी होते. इथे ‘ठोस’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘बहिणीचे बघायचे’ असे लिहून मन सुटत नाही. ‘आज संध्याकाळी सात वाजता, घरी पोहोचल्यावर, चप्पल काढण्यापूर्वी बहिणीला फोन करायचा आणि पहिल्यांदा तारीख विचारायची’ असे लिहिले की सुटते. त्यासाठी कामाच्या जागी उजव्या हाताला एक कोरा कागद कायम ठेवावा. मनात जे येईल ते त्यावर केव्हा, कुठे आणि पहिले पाऊल कोणते, या तीन अंगांनी उतरवावे आणि कामाकडे वळावे. हे टिपण मोबाइलमध्ये करू नये, कारण टिपण करायला उचललेला मोबाइल क्वचितच तेवढ्यावर खाली ठेवला जातो.

वाचताना मन सुटत असेल, तर हाताला काम द्यावे. पेन्सिल हातात धरून प्रत्येक परिच्छेदानंतर समासात तीन-चार शब्द लिहावेत, मग ते कितीही सामान्य असोत. समासात लिहिण्यासारखे काही सुचले नाही, तर मन आत्ताच निघून गेले होते हे तिथल्या तिथे कळते. पानाच्या शेवटी कळण्याऐवजी परिच्छेदाच्या शेवटी कळले, एवढा फरक पुरेसा असतो. फारच अवघड मजकूर हलक्या आवाजात वाचावा किंवा उभे राहून वाचावा. मन कामात राहण्यासाठी ते काम फार सोपेही असू नये आणि फार कठीणही असू नये. कंटाळवाण्या कामाला स्वतःच थोडी अडचण घालावी, जसे की एवढे कागद वीस मिनिटांत लावायचे, आणि डोंगराएवढ्या कामाचा लहानसा तुकडा पाडावा.

काम सुरूच होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा काम धूसर असल्याची असते. ‘कर भरण्याचे कागद’ हे काम नव्हे, ती कामांची मोळी आहे. तिचे पहिले पाऊल हाताने करण्याजोगे आणि दोन मिनिटांत संपणारे असावे: कपाटातली निळी फाइल काढून टेबलावर उघडून ठेवणे. त्यापुढे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी मांडलेली जर-तरची रीत जोडावी. ‘दात घासून झाले, की निळी फाइल उघडेन’ अशा वाक्यात वेळ पाळण्याची जबाबदारी आपल्या इच्छाशक्तीवर न राहता आधीच घडणाऱ्या एका गोष्टीवर जाते.

बैठकीत किंवा संभाषणात मन सुटल्यावर बहुतेक जण अंदाजाने मान हलवतात. तसे करू नये. ‘शेवटचे वाक्य माझ्याकडून सुटले, पुन्हा सांगाल का?’ असे सरळ विचारावे. हे विचारायला संकोच वाटतो, पण न ऐकता दिलेल्या होकाराने पुढे जो गैरसमज होतो त्यापेक्षा हा संकोच फार स्वस्त आहे, आणि जवळच्या माणसांना तर अशा प्रश्नाने बरेच वाटते, कारण आपले बोलणे ऐकण्याची इच्छा त्यात दिसते.

मोबाइलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो उलटा करून ठेवणे पुरत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि वाहन चालवताना मन वारंवार निघून जात असेल, तर कोणतीही युक्ती न करता वाहन बाजूला घेऊन थांबावे.

परत येण्याची रीत

भान आल्यानंतरचे पहिले पाच सेकंद कसे वापरतो, यावर बरेच अवलंबून असते. वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेल्या माणसाच्या तोंडून त्या क्षणी स्वतःसाठी शिवी निघते, तिच्यामागून जुन्या चुकांची माळ लागते, आणि मन कामाकडे येण्याऐवजी एका भरकटण्यातून दुसऱ्यात जाते. त्याऐवजी जे घडले त्याला मनातल्या मनात एका शब्दाचे नाव द्यावे, ‘काळजी’, ‘बेत’, ‘कल्पना’, आणि हाताने काहीतरी करावे: पेन्सिलचे टोक ओळीवर ठेवावे, तक्त्यातला चालू रकाना बोटाने दाबावा. शरीर कामापाशी आले की मन मागून येते.

त्यासाठी परतण्याची जागा आधी तयार असावी लागते. काम कोणत्याही कारणाने सोडताना, पाणी प्यायला उठतानासुद्धा, पुढे काय करायचे याची एक ओळ लिहून मगच उठावे: ‘तिसऱ्या मुद्द्याला आकडे जोडायचे, ते पान १४ वर आहेत.’ ही ओळ नसेल तर परतल्यावर सगळे काम पुन्हा समजून घ्यावे लागते, आणि तो कंटाळा टाळण्यासाठीच मन दुसरीकडे पळते. या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी, असे मी सांगेन.

भान लवकर येण्याचा सरावही करता येतो. दिवसातून दहा मिनिटे बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. मन जाईल, ते गेल्याचे कळेल, पुन्हा श्वासाकडे आणावे. ‘माझे मन फार पळते, मला हे जमत नाही’ असे म्हणून लोक हा सराव सोडतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण मन गेल्याचे कळणे हीच या सरावातली एक आवृत्ती आहे, जसे दोरीवरच्या उड्यांमध्ये प्रत्येक उडी मोजली जाते. मायकल म्राझेक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन आठवड्यांच्या अशा प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांचे मन भरकटणे कमी झाले आणि वाचन-आकलनाचे गुण वाढले. ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांनी हाच सराव चालताना, तळपायांकडे लक्ष देऊन करावा.

हा स्वभाव आहे, की विकार?

वरचे सगळे मनापासून करूनही कामे, पैसे आणि नाती यांची पडझड थांबत नसेल, तर तज्ज्ञाकडे जावे. अवधानाची ही अडचण आधुनिक काळाची देणगी आहे, असे म्हणणाऱ्यांना हे माहीत असावे की अलेक्झांडर क्रिक्टन या डॉक्टरांनी १७९८ मध्येच अवधान टिकवता न येण्याच्या अवस्थेचे वर्णन केले होते, आणि जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत मुलांमधील अशा लक्षणांची मांडणी केली. प्रौढांमध्ये एडीएचडीचे प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के असल्याचे अंदाज आहेत. ते घराण्यात उतरते. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. कित्येकांना स्वतःचे निदान मुलाच्या निदानानंतर कळते ते यामुळेच.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार वयाच्या १७ व्या वर्षापासून पुढे, अवधानाच्या अभावाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलता-उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे सहा महिने तरी असावी लागतात. त्यांतली अनेक वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. ती घर आणि नोकरी अशा दोन किंवा अधिक ठिकाणी जाणवावी लागतात, आणि त्यांच्यामुळे जगण्यात खरोखरचा अडथळा यावा लागतो. गेल्या वर्षी नोकरी बदलल्यापासून लक्ष उडू लागले असेल, तर कारण बहुधा दुसरे आहे. प्रौढांमध्ये अतिचंचलता बाहेरून दिसत नाही, ती आत सरकते: खुर्चीत बसलेला माणूस शांत दिसतो आणि आतून त्याला एक घटकाही निवांतपणा नसतो. आवडीच्या कामात तासन्‌तास बुडून जाणे हे एडीएचडी नसल्याचे लक्षण नव्हे; हवे तिथे आणि हवे तेव्हा अवधान वळवता न येणे, ही खरी अडचण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे, त्यातले पहिले सहा प्रश्न प्राथमिक चाचणीसाठी वापरतात. ती भरायला हरकत नाही, पण तिच्यावरून निदान होत नाही. नैराश्य, चिंता, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, झोपेत श्वास अडखळणे, काही औषधे आणि मद्य यांमुळेही अगदी अशीच लक्षणे दिसतात, आणि यांपैकी एखादी गोष्ट एडीएचडीच्या जोडीला असू शकते. डॉक्टरांकडे जाताना आठवड्याची वही, चालू औषधांची यादी, झोपेच्या वेळा, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळाली तर ती, आणि शक्य असेल तर आपल्याला लहानपणी पाहिलेले माणूस सोबत न्यावे. स्वतःचे बालपण आपल्याला अंदाजानेच आठवते. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शिक्षकांचा एक शेरा तिथे फार उपयोगी पडतो.

उपचारांत मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे आणि अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी अनुत्तेजक औषधे आहेत. रक्तदाब आणि हृदयाची स्थिती पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावीत. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी कधीही घेऊ नये. औषधाने लक्ष देणे सोपे होते, मात्र वही ठेवायला औषध शिकवत नाही. स्टीव्हन सॅफ्रेन आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात, औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या प्रौढांना नियोजन, कामाचे तुकडे पाडणे आणि विचारांची घडी बसवणे शिकवणाऱ्या वर्तन-उपचाराने अधिक फायदा झाला.

निदान झालेल्यांनी आणखी एका गोष्टीवर मेहनत घ्यावी, ती म्हणजे काळ डोळ्यांना दिसेल असा करणे. ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ ही भावना त्यांना शेवटच्या घटकेपर्यंत खरी वाटते. काट्यांचे मोठे घड्याळ नजरेसमोर टांगावे, निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ वेगळी लिहावी, आणि अवघड काम एखाद्या मित्राच्या सोबतीने, तो आपले काम करत असताना शेजारी बसून करावे. त्याने काही मदत करण्याची गरज नसते, त्याचे तिथे असणे पुरते.

चार आठवड्यांनी घंटा पुन्हा सात दिवस लावावी आणि जुन्या वहीशेजारी नवी वही ठेवावी. मन किती वेळा कामात नव्हते, हा आकडा फारसा बदललेला नसेल आणि त्यावरून हिरमुसू नये. शेवटचा रकाना पाहावा. पहिल्या आठवड्यात ‘कळले नव्हते’ अशा ओळी जिथे बहुसंख्य होत्या, तिथे आता घंटा वाजण्यापूर्वीच ‘कळले होते’ अशा किती आहेत, हे मोजावे, आणि ज्या कामापाशी त्या अजूनही वाढलेल्या नाहीत, पुढच्या महिन्याची सुरुवात त्याच कामापासून करावी.